घरचे ध्वनिमुद्रण आणि मागचा टाळकरी

एकादशीच्या पहाटे काकडा आटोपून मोबाईल हातात घ्यावा, तर भजनांची रांग लागलेली असते. कोणी स्वतःच्या आवाजात अभंग गाऊन पाठवलेला असतो, कोणी हरिपाठ, कोणी गौळण. पूर्वी एवढ्यासाठी मुंबईत स्टुडिओ तासाच्या भाड्याने घ्यावा लागे, वादक जमवावे लागत. आता आपल्या भाईंदर-मीरा रोडच्या इमारतींमधून, झोपायच्या खोलीतून, कपाटाच्या उघड्या दारामागून ही भजने तयार होऊन निघतात. गेल्या चातुर्मासात अशी आलेली भजने मी मुद्दाम हेडफोन लावून, शेजारी वही ठेवून ऐकली. त्यावरून जे वाटले ते आपल्यापुढे ठेवतो. कोणाचे नाव घेत नाही. जो दोष सांगायचा आहे तो एकट्यादुकट्याचा नाही, आणि तो आधी माझ्याच हातून घडलेला आहे.

पहिल्यांदा गुण सांगितले पाहिजेत. या मुद्रणांत शब्द स्वच्छ ऐकू येतात. अभंग निवडताना गाथा उघडून पाठ पाहिलेला असतो. वीस-बावीस वर्षांची मुले नोकरी सांभाळून पखवाजाचे बोल बसवतात, आणि आपलेच वाजवणे पुन्हा पुन्हा ऐकता येत असल्यामुळे त्यांचा हात लवकर सुधारतो. आमच्या पिढीला आपला आवाज दुसऱ्याच्या कानाला कसा लागतो हे म्हातारपणापर्यंत कळत नसे. तो एकदा यंत्रातून ऐकला की निम्मा अभिमान तिथेच गळून पडतो. हा लाभ लहान नाही.

पण ऐकता ऐकता एक गोष्ट खटकू लागली. जवळजवळ प्रत्येक भजनात गाणारा एकटा आहे. टाळ आहे, पखवाज आहे, मागून घोषही येतो. तरी त्याच्या मागे माणूस उभा असल्यासारखे वाटत नाही. असे का होते आणि ते टाळता येईल का, एवढाच या लेखाचा विषय आहे.

अकरा आवाज

घरात मुद्रण करण्याची वेळ आपल्यावर का आली, हे आपल्या गावाकडे पाहिले की समजते. मिठागरे, शेती आणि मासेमारी यांवर जगणारी ही गावे. १९८५ साली त्यांची नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. राई, मुर्धे, मोर्वा या जुन्या गावांत देवळात बसून भजन करण्याची रीत अजून आहे. पण घाटावरून, कोकणातून, खानदेशातून आलेले आपण बहुतेक जण इमारतींत राहतो. दोन खोल्यांच्या घरात वीस-पंचवीस माणसे, टाळ आणि पखवाज घेऊन बसायचे कुठे? बसलोच तरी शेजारी दहावीचा अभ्यास चालू असतो. मग एकत्र गाण्याची हक्काची जागा उरली ती सकाळची लोकल. चर्चगेटच्या गाडीत ठरलेल्या डब्यात मंडळी जमायची, पिशवीतून टाळ निघायचे, डब्याचा पत्रा पखवाज व्हायचा, आणि अंधेरी येईपर्यंत दोन अभंग नि एक गौळण पदरात पडायची.

मग २०२० साल आले. लोकल बंद, देवळे बंद. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस.टी. बसमधून पंढरीला गेल्या आणि वारकरी घरी बसला. आमच्या मंडळाने आधी व्हिडिओ कॉलवर भजन करून पाहिले, पण जमले नाही. एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोहोचायला क्षणभर उशीर होई आणि तेवढ्यात सम निघून जाई. शिवाय ती यंत्रणा बोलण्यासाठी केलेली. टाळाचा नाद तिला गोंगाट वाटे आणि ती तो पुसून टाकी. पडद्यावर टाळकऱ्यांचे हात हलताना दिसत, नाद मात्र नाही.

शेवटी ठरले की प्रत्येकाने घरीच गाऊन पाठवायचे. मी पेटीचा स्वर आणि ठेक्याचे ठोके असलेली एक फाईल सर्वांना दिली. ती कानात ऐकत ऐकत दुसऱ्या मोबाईलवर आपला आवाज भरायचा. अकरा जणांचे आवाज आले. मी संगणकावर ऑडॅसिटी नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर उतरवून घेतले आणि महिनाभर रात्री जागून शिकलो.

या कामात प्रत्येक आवाजाची एक आडवी पट्टी असते. अकरा पट्ट्या एकाखाली एक मांडल्या की सगळे भजन डोळ्यांना दिसू लागते. प्रत्येक पट्टीला दोन कळा असतात. एक म्यूट, दुसरी सोलो. म्हणजे ‘याला गप्प कर’ आणि ‘फक्त याचेच ऐकव’. माणसाच्या हाती या दोन कळा आल्या की त्याची परीक्षा सुरू होते.

आमच्या मंडळात नाना म्हणून एक वयोवृद्ध टाळकरी होते. मूळचे साताऱ्याकडचे, उमेद गिरणीत गेलेली, उतारवयात मुलाकडे नवघरला राहायला आलेले. आवाज फाटलेला, आणि ध्रुपदावर यायला एका श्वासाचा उशीर. समोर बसलेले असताना तो उशीर कोणाला टोचत नसे. उलट नानांचा आवाज येऊन पोहोचला की ध्रुपद भरले असे वाटे. पण पट्टीवर तोच उशीर डोळ्यांना दिसतो. दहा जणांच्या लाटा एका रेषेत आणि नानांची लाट बाजूला सरकलेली. आधी मी त्यांच्या चुकलेल्या ओळी कापल्या. उरलेल्याही बऱ्या वाटेनात, तेव्हा म्यूट दाबले. मग आणखी तिघांचे तसेच केले. जागा रिकामी वाटू लागली म्हणून माझाच आवाज चार वेळा गाऊन डावी-उजवीकडे पसरला, आणि देवळाचा भास व्हावा म्हणून वरून घुमारा चढवला.

आषाढीला भजन सगळीकडे पाठवले. फार कौतुक झाले. संध्याकाळी नानांचा फोन आला. म्हणाले, “लई ब्येस झालंय, माउली. पण तुझ्या मागं कुणी न्हाई का?”

मी म्हणालो, “आहेत की नाना. सगळे आहेत.”

“आसतील. मला आताशा ऐकू कमीच येतंय.”

पुढच्या वर्षी चैत्रात नाना गेले. तेव्हापासून कोणतेही भजन ऐकताना माझा कान आधी मागे जातो.

मागे काय असते

कीर्तनात बुवा पुढे आणि टाळकरी मागे, हे आपण जन्मभर पाहत आलो. बुवांचा श्वास जिथे संपतो तिथे टाळकरी चरण उचलतात. पुढच्याने विचारावे आणि मागच्यांनी होकार भरावा, असे ते चालते. ध्रुपद ही नुसती साथ धरली तर ती कमी-जास्त करता येईल. पण आपल्या चालीत ध्रुपद म्हणजे अर्धे भजन आहे. ते कोण म्हणतो, किती जण म्हणतात, किती वेळा म्हणतात, यावर त्या अभंगाचा अर्थ मनात किती खोल उतरतो ते ठरते. घरच्या मुद्रणात नेमके हेच निसटते. त्याची कारणे मला चार दिसली.

पहिले कारण वेळेचे. प्रत्येक यंत्राने भजनाकडून काहीतरी मागितले आहे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. त्यामुळे गाणे तेवढ्यात आटोपावे लागे. साठ मिनिटांची कॅसेट आली तेव्हा एका बाजूला अर्धा तास मिळाला, आणि हरिपाठाला त्याच्या स्वतःच्या चालीने चालता आले. आताचा मोबाईल मिनिटाभराचे मागतो. मिनिटात बसवायचे तर पहिली कात्री ध्रुपदावर चालते, कारण यंत्रापुढे बसलेल्याला ती ‘तीच ओळ पुन्हा’ वाटते. ज्याने टाळ हातात धरला आहे त्याला ठाऊक असते की तिसऱ्या आवर्तनाला ओळ पहिल्यासारखी राहिलेली नसते.

दुसरे कारण, स्वतःच्याच आवाजाच्या प्रती. मी केले तेच बहुतेक जण करतात. एकच जण सहा वेळा गातो आणि त्याला घोष म्हणतो. कान मात्र फसत नाही. सहाही आवाजांचा श्वास एकाच ठिकाणी तुटतो, सहाही जण ‘ळ’ एकसारखा उच्चारतात, सहाही जण एकाच वयाचे असतात. खऱ्या घोषात घाटावरचा, कोकणातला आणि आगरी माणूस एकच शब्द तीन तऱ्हांनी उच्चारतो आणि त्या तिन्हींचा मिळून तो शब्द होतो. वेळेचेही तसेच. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दिंडीत विण्याजवळचा माणूस आणि पताकेजवळचा माणूस यांच्यात ३४ मीटरचे अंतर असले, तर एकाचा स्वर दुसऱ्याला पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. म्हणजे दिंडीत सगळे जण एकाच क्षणी कधीच नसतात. तरी दिंडी एक असते, कारण पावले एक पडतात. यंत्रावर सर्वांना एका रेषेत ओढून बसवले की आपण गर्दी घालवतो आणि मग गर्दीच्या भासासाठी घुमारा शोधत बसतो.

तिसरे कारण टाळ. मुद्रणाला सर्वांत अवघड वाद्य हेच. काशाचा टाळ टाळावर आदळताना नाद एका क्षणात शिगेला जातो. मोबाईल आवाजाची पातळी आपोआप सांभाळत असतो. टाळ वाजला की तो घाबरून सगळेच खाली ओढतो, आणि गाणारा दर ठोक्याला पाण्यात बुडून वर आल्यासारखा ऐकू येतो. म्हणून लोक खरे टाळ सोडून यंत्रातला तयार तुकडा लावतात. त्यात प्रत्येक ठोका आधीच्यासारखाच असतो. टाळकरी तसा कधी वाजवत नाही. चरण चालू असताना तो टाळ दाबून धरतो, ध्रुपदाला मोकळा सोडतो, नामघोषाला उंचावतो. टाळकऱ्याला शब्द कळलेला आहे हे त्याच्या हातावरून कळते. तयार तुकड्याला शब्दाचा पत्ता नसतो.

चौथे कारण म्हणजे स्वर सुधारण्याचे यंत्र. १९९७ साली ऑटोट्यून बाजारात आले आणि आता मोबाईलमध्येही तसली सोय आहे. गळ्यातून निघालेला स्वर ते पेटीच्या जवळच्या सुरावर नेऊन बसवते. नवशिक्याला आधार म्हणून ठीक आहे. पण वारकरी चालीत स्वर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर घसटत, ओढ घेत जातो, आणि वरच्या पट्टीत तो थोडा फाटतो. त्या फाटण्यात माणसाने लावलेला जीव असतो. यंत्र ती ओढ पुसून पायऱ्या करून ठेवते. मग सगळे सुरेल होते आणि कोणी हाक मारली असे वाटत नाही.

थोरांनी काय केले

कोणी म्हणेल, थोर गायकांनीही अभंग एकट्यानेच गायले आहेत. खरे आहे, आणि त्याचा नीट विचार केला पाहिजे. श्रीनिवास खळे यांच्या संगीतात लता मंगेशकर यांनी गायलेले ‘अभंग तुकयाचे’ आपल्यापैकी किती जणांच्या घरी पहाटे वाजत आले आहे! लतादीदींच्या नावाचे नाट्यगृह आज आपल्या शहरातही आहे. त्या गायनात पुढे एकच आवाज आहे आणि तो तसाच असायला हवा. ते एकांतातले निवेदन आहे. एक जीव देवाशी बोलतो आहे आणि आपण दाराबाहेर उभे राहून ऐकतो आहोत. ते स्वतःला भजन म्हणवत नाही, त्यामुळे तिथे मागे कोण आहे हा प्रश्नच येत नाही.

पंडित भीमसेन जोशींच्या ‘संतवाणी’ची तऱ्हा निराळी. ती मैफल होती, पण तिच्यात माउली टाकळकर यांचा टाळ होता. मैफलीत टाळ म्हणजे गजर, अशी समजूत असणाऱ्यांनी तो टाळ लक्ष देऊन ऐकावा. गवई तान घेत असताना तो किती मागे राहतो आणि समेला किती नेमका येतो! एका टाळकऱ्याला तिथे इतर वादकांच्या बरोबरीचे स्थान मिळाले. त्या एका टाळामुळे सभागृहात बसलेल्याला वाळवंटाची आठवण होई.

आणि बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ. २०२३ च्या ऑक्टोबरात बाबामहाराज गेले, पण त्यांचा हरिपाठ आजही संध्याकाळी असंख्य घरांत लागतो. तो ऐकताना आपण श्रोते राहत नाही. ओठ आपोआप हलू लागतात. महाराजांचा आवाज गोड होता हे तर खरेच, पण एवढेच कारण नसावे. त्या मुद्रणात मागचा घोष आणि टाळ यांना पुरेशी जागा आहे. पुढचा म्हणतो, मागचे उचलतात, आणि त्या मागच्यांत आपली एक जागा मोकळी ठेवलेली असते. स्वयंपाकघरात भाकरी थापणारी बाई त्या जागेवर जाऊन उभी राहते.

घरी मुद्रण करणाऱ्याची फसगत इथेच होते. तो एकांतातले गाणे आणि समुदायाचे भजन यांची सरमिसळ करतो. चाल सांप्रदायिक घेतो, शब्द सर्वांनी मिळून म्हणायचे निवडतो, आणि मांडणी मात्र एकट्या गवयाची करतो. एकट्याने गायचे असेल तर खुशाल एकट्याने गावे. पेटी आणि एक टाळ पुरे. पण भजन म्हणून काही करायचे असेल तर ऐकणाऱ्याला उभे राहायला जागा ठेवली पाहिजे.

लिहून ठेवणारे

जपून ठेवणे हे काम आपल्या संप्रदायाला नवे नाही, आणि ते कोणी केले हे आठवण्यासारखे आहे. तुकोबारायांचे चौदा टाळकरी परंपरेला माहीत आहेत. त्यांतले संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ यांनी महाराजांचे अभंग लिहून ठेवले. कीर्तनात जे मागे उभे राहत त्यांच्याच वह्यांनी पुढचे शब्द आपल्यापर्यंत आणले. आज मुद्रणाचे यंत्र ज्याच्या घरी आहे तो या अर्थाने टाळकऱ्याच्या जागी आहे. त्याने स्वतःला बुवांच्या जागी धरले की घोटाळा होतो.

दुसरे उदाहरण नाथमहाराजांचे. ज्ञानेश्वरी हातोहात उतरवली जात असताना तिच्यात पाठभेद शिरले होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ती प्रत शुद्ध केली, आणि यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. स्वतः एवढे मोठे कवी, पण शुद्ध करताना त्यांनी ज्ञानोबांच्या ग्रंथात आपला शब्द मिसळला नाही. नंतर शिरलेले काढले, मुळातले राखले.

मिक्सिंग शिकणाऱ्याने हा आदर्श पुढे ठेवावा असे मला वाटते. नंतर शिरलेले काय, ते ओळखायचे: पंख्याची घरघर, फ्रिजचा गुणगुणाट, खालून गेलेली रिक्षा, माइकवर आदळलेला ‘प’ आणि ‘भ’. ते काढावे. मुळातले काय, तेही ओळखायचे: श्वास, उशीर, फाटलेला स्वर, म्हाताऱ्याचा खोकला आवरून पुन्हा धरलेला शब्द. ते राखावे. मी नेमके उलटे केले होते. माणसे काढली आणि स्वतःच्या चार ओव्या घातल्या.

घरी कसे करावे

आता थोडे कामाचे सांगतो. ज्यांना हा उद्योग करायचा आहे त्यांना उपयोगी पडेल.

खोली लहान आणि फरशीची असेल तर आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि डबा वाजल्यासारखा होतो. गाणाऱ्यांच्या मागे आणि बाजूला जाड गोधड्या टांगाव्यात, खाली सतरंजी घालावी. पंखा आणि फ्रिज तेवढा वेळ बंद ठेवावा. आमच्याकडे दुपारी दोन ते चार ही वेळ बरी असते. इमारत झोपलेली असते आणि कोणाची झोपमोडही पखवाज दाबून वाजवल्यास फारशी होत नाही.

शक्य असेल तर सर्वांनी एकत्र बसून एकाच माइकवर गावे. माइक कोणाच्या तोंडाशी न धरता श्रोता जिथे बसला असता तिथे, माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावा. मग अंतरानेच मिक्सिंग होते. चरण म्हणणारा चार फुटांवर, ध्रुपद धरणारे सहा-सात फुटांवर अर्धवर्तुळात, पखवाज एका बाजूला, टाळ सर्वांत मागे दहा फुटांवर. कोणाचा आवाज जास्त होत असेल तर कळ फिरवण्याआधी त्याला एक पाऊल मागे सरकवावे. बऱ्याच माइकांना समोरचे जास्त आणि पाठीमागचे कमी ऐकू येते. माइकची पाठ खिडकीकडे ठेवली तर रस्ता आपोआप कमी होतो.

आवाज भरताना पातळी कमी ठेवावी. यंत्राच्या मोजपट्टीवर शून्य म्हणजे छत. टाळाचा सर्वांत मोठा ठोका उणे बाराच्या आसपास राहील असे पाहावे. कमी भरलेला आवाज नंतर वाढवता येतो, पण छताला आदळून फुटलेला टाळ कोणत्याही उपायाने जुळत नाही. मोबाईलवरच करायचे असेल तर पातळी हाताने ठरवता येईल असे ॲप घ्यावे, म्हणजे आपोआप खाली ओढण्याचा त्रास टळतो.

वेगवेगळ्या पट्ट्या घेऊन काम करायचेच असेल तर मांडणी मागून सुरू करावी. आपण सगळे आधी आपला आवाज लावतो आणि मग इतरांना त्याच्याखाली कोंबतो. उलटे करून पाहावे. आधी घोष आणि टाळ नीट ऐकू येतील असे लावावेत, मग त्यात पखवाज, आणि शेवटी शब्द कळण्यापुरता पुढचा आवाज. माझा अनुभव असा की पुढच्याला वाटते त्यापेक्षा बरेच कमी पुरते. घुमारा लागलाच तर भाजीतल्या हिंगाइतका.

तयार झालेले भजन तीन ठिकाणी ऐकावे: हेडफोनवर, साध्या मोबाईलवर आणि देवळातल्या स्पीकरवर. मोबाईलच्या छोट्या स्पीकरला पखवाजाचा धुमा वाजवताच येत नाही. म्हणून लोक तो वाढवत नेतात, आणि मग देवळात तोच पखवाज भिंती हलवतो. पाठवतानाही व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नये. ती सोय बोलण्यासाठी आहे आणि तिच्यात टाळ पाण्यात भिजल्यासारखा होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवले की फाईल आहे तशी पोहोचते.

आणि शेवटचे, पण माझ्या मते सर्वांत आधी करायचे: जे जसे भरले ते तसे, न कापता, एका वेगळ्या जागी ठेवून द्यावे. त्यावर तारीख, जागा आणि गाणाऱ्या प्रत्येकाचे नाव घालावे. कापाकापी करायची ती त्याच्या प्रतीवर.

चार ओळी

ही शेवटची सूचना कुठून आली ते सांगून थांबतो. मागच्या वर्षी संगणक बदलताना २०२० सालचे ते काम सापडले. उघडून पाहिले तर अकरा पट्ट्या होत्या. म्यूट केलेली पट्टी पुसली जात नाही. ती आपल्या जागी गप्प बसून असते. नानांच्या पट्टीवर मात्र बहुतेक जागा रिकामी होती. ज्या ओळी मी कापल्या त्या कायमच्या गेल्या. मूळ फाईल जुन्या मोबाईलबरोबर गेली होती. उरल्या होत्या चार ओळी.

बाकी सगळे बंद करून नुसते नाना ऐकले. मागे कुकरची शिट्टी आहे. टाळ घरात वाजवता येत नसेल, म्हणून मांडीवर हाताने ठेका धरलेला ऐकू येतो. आणि ध्रुपदावर तोच एका श्वासाचा उशीर. आता लक्ष देऊन ऐकल्यावर कळले की ते उशिरा येत नव्हते. पुढच्याचा शब्द पुरा संपेपर्यंत थांबत होते. गिरणीत, दिंडीत, देवळात जन्मभर मागे उभे राहिलेल्या माणसाची ती सवय होती. पुढच्याचे पूर्ण ऐकल्यावाचून आपले सुरू करायचे नाही. मी दिलेल्या फाईलमध्ये पुढचा आवाजच नव्हता, नुसते ठोके होते. तरी ते त्या न ऐकू येणाऱ्या आवाजासाठी थांबले.

मी माझ्या चारही प्रती काढल्या, घुमारा काढला, गप्प केलेल्या चौघांना परत आणले आणि नानांच्या ओळी जिथे होत्या तिथेच, उशिरासकट राहू दिल्या. नवे भजन पहिल्यापेक्षा ओबडधोबड झाले आहे. एका ठिकाणी दोघे जण पुढे-मागे होतात, कुकरही स्पष्ट ऐकू येतो. ते कुठे प्रसिद्ध केले नाही. नानांच्या घरी नेऊन ऐकवले. सूनबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हा कुकर आपलाच.” आणि त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितले.

ज्यांच्या घरी माइक आणि संगणक आहे त्या माउलींना एवढीच विनंती आहे. येत्या कार्तिकीला भजन भराल तेव्हा मंडळातल्या सर्वांत म्हाताऱ्या टाळकऱ्याला घरी बोलवा, त्यांना बसायला खुर्ची द्या आणि माइक त्यांना ऐकू शकेल इतका जवळ ठेवा. त्यांचा स्वर कमी लागला तरी चालेल.

रामकृष्णहरी.